एकाच हंडीतले लावे

सप्टेंबरच्या सुमारास युरोपातील लावे दक्षिणेकडे निघतात. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा, एरवी उडण्यापेक्षा पळणेच पसंत करणारा हा पक्षी वर्षातून दोनदा भूमध्य समुद्र ओलांडतो, तोही बहुधा रात्री. एजियन समुद्रातील लेस्बॉस हे ग्रीक बेट त्याच्या वाटेवर आहे. समुद्र पार करण्यापूर्वी दाणे टिपून अंगात चरबी साठवण्यासाठी लावे तिथल्या शेतांत उतरतात, आणि गावातील शिकारी कुत्रा व बंदूक घेऊन बाहेर पडतात. संध्याकाळी पक्षी घरी येतात, सोलले जातात आणि हंडीत पडतात. पक्षी लहान, त्यामुळे एकेकाच्या पानात तीन-चार सहज वाढले जातात. घरातील सगळे जेवतात आणि बहुतेकांना काहीही होत नाही.

पण एखाद्या वर्षी एखाद्या घरात जेवणानंतर काही तासांनी एकाच माणसाचे पाय व कंबर दुखू लागते. तो दिवसभर पायपीट करून आलेला असतो, म्हणून आधी कोणी लक्ष देत नाही. दुखणे वाढत जाते, स्नायू ताठरतात, हालचाल नकोशी होते. मग लघवीला काळपट तपकिरी रंग येतो. बहुतेक रोगी काही दिवसांत बरे होतात. काहींची मूत्रपिंडे मात्र बंद पडतात, आणि अशा वेळी जिवावरही बेतू शकते.

लाव्याचे शास्त्रीय नाव कोटर्निक्स कोटर्निक्स. त्यावरून या विकाराला कोटर्निझम म्हणतात. मांस ताजे आणि नीट शिजवलेले, हंडी एकच, तरी आजारी पडतो एकच, असे का? या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. शिकार, स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणांहून त्याला उत्तरे मिळाली. ती एकमेकांशी कशी भांडतात, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडील वाचकाला या आजाराचे नवल वाटेल, कारण आपल्या परंपरेत लावा म्हणजे पथ्याचे मांस. चरकसंहितेत प्रत्येक गटातील उत्तम आहार कोणता याची यादी आहे. त्यात पक्ष्यांमध्ये पहिला मान लावाला दिला आहे. आपल्या माळरानांवर आणि ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत पायाखालून भुर्रकन उडणारे लावे अनेक जातींचे आहेत. त्यांपैकी कोटर्निक्स कोटर्निक्स ही जात हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणी म्हणून येते. फासेपारध्यांचे लावे-तित्तिर पकडण्याचे कसब महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ मध्ये झालेली दुरुस्ती यांनंतर अशी शिकार हा गुन्हा आहे. आज हॉटेलात जो लावा मिळतो तो पिंजऱ्यात धान्यावर वाढवलेला जपानी लावा असतो. तो कुठे स्थलांतर करत नाही आणि रानातले काही खातही नाही. हे शेवटचे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

जुन्यांची साक्ष

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन कवी ल्युक्रेशियस याने एका दीर्घ काव्यात निसर्गाची भौतिक मीमांसा केली. एकाचे अन्न ते दुसऱ्याचे विष, हे सांगताना त्याने हेलेबोर या विषारी वनस्पतीचा दाखला दिला: माणसाला ती जहर, पण शेळ्या आणि लावे तिच्यावर पुष्ट होतात. त्यानंतर सुमारे शतकभराने प्लिनीने लिहिले की लाव्यांना विषारी बिया आवडतात आणि त्यामुळेच ते जेवणाच्या पानातून हद्दपार झाले. सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक विचारवंताने हेलेबोरऐवजी हेमलॉकचे नाव घेतले. अकराव्या शतकात इब्न सिना या वैद्याने लाव्याच्या मांसाने झटके व स्नायूंचा ताठरपणा येण्याची भीती असते, असे बजावले. त्याने हेलेबोरचा उल्लेख केलाच, पण दोष केवळ हेलेबोरचा नसून पक्ष्याच्या मांसातही असा गुण असावा, असेही सुचवले.

या साक्षींचे मोल काय? आम्हाला त्यांत दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. लावे खाल्ल्याने स्नायूंचा काहीतरी विकार होतो, हे निरीक्षण. त्याचे कारण पक्ष्याने खाल्लेली विषारी बी, हा तर्क. निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे, म्हणून त्याला वजन आहे. तर्क मात्र एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरवला गेला असण्याचीच शक्यता अधिक. दहा ग्रंथांत एकच गोष्ट आढळली म्हणजे दहा पुरावे झाले असे नव्हे.

तर्क मुळात अशक्य नाही, हेही सांगितले पाहिजे. विष पोटात घेऊन स्वतः सुखरूप राहणारे प्राणी आपल्या अंगणात आहेत. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या सुरवंटांत रुईची विषद्रव्ये साठतात आणि त्यांची फुलपाखरे पक्ष्यांना नकोशी होतात. मिरचीने आपली जीभ भाजते, पोपट तीच मिरची मजेत खातो. पक्ष्यांच्या मांसात विष असू शकते याचा भक्कम पुरावा १९९२ मध्ये न्यू गिनीतून आला. जॅक डम्बाकर या अमेरिकी संशोधकाला पिटोहुई नावाच्या पक्ष्याने हातावर ओरबाडले. जखम चाटल्यावर त्याचे ओठ व जीभ बधिर झाली. पुढे तपासात या पक्ष्याच्या कातडीत व पिसांत बॅट्राकोटॉक्सिन सापडले, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील विषारी बेडकांत असते तेच द्रव्य. तिथल्या रहिवाशांना हा पक्षी खाण्याजोगा नाही हे आधीपासून माहीत होते. हे विष पक्षी स्वतः बनवत नसून त्याने खाल्लेल्या भुंगेऱ्यांतून येते, असे पुढे दिसून आले.

वाळवंटातील मेजवानी

लाव्यांच्या विषाची सर्वांत प्रसिद्ध कथा बायबलच्या जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकात आहे. मोशेबरोबर वाळवंटातून जाणारे लोक मांसासाठी हट्ट धरतात. समुद्राकडून वारा सुटतो आणि तळाभोवती लाव्यांचा खच पडतो. लोक दिवसभर, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही पक्षी गोळा करतात. ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याच्याकडेही दहा होमर, म्हणजे दोन हजार लिटरहून जास्त माप भरते. ते तळाभोवती पसरून ठेवले जातात. मांस दातांत असतानाच मरी येते आणि पुष्कळ लोक मरतात. त्या जागेला हव्यासाची थडगी असे नाव पडते.

कोटर्निझमवरील लेखांत ही या आजाराची पहिली नोंद म्हणून हमखास सांगितली जाते. थकून किनाऱ्यावर उतरणारे थवे, हाताने धरता येतील इतके गलितगात्र पक्षी हे वर्णन अस्सल आहे यात शंका नाही. सिनाई आणि इजिप्तच्या किनाऱ्यावर जाळी लावून लावे धरण्याची रीत फार जुनी आहे. इजिप्शियन लोक लावे न शिजवता, खारवून खातात असे हिरोडोटसने नोंदवले आहे. इजिप्तच्या चित्रलिपीतील एक अक्षर तर लाव्याच्या पिलाचेच चित्र आहे.

पण आजाराची नोंद म्हणून ही कथा आम्हाला तितकीशी पटत नाही. बायबलमध्ये लावे दोनदा येतात. ‘निर्गम’ या पुस्तकातही एका संध्याकाळी ते तळावर उतरतात, लोक खातात, आणि कोणीही मरत नाही. दिलेल्या महिन्यांवरून दोन्ही घटना वसंत ऋतूतील ठरतात. एकदा पथ्यकारक आणि वर्षभराने प्राणघातक, तेही त्याच ऋतूत. शिवाय उन्हाच्या प्रदेशात हजारो पक्षी मारून जमिनीवर पसरले आणि ते दोन दिवसांनी खाल्ले तर आजारी पडायला हेमलॉक कशाला हवे? सडलेल्या मांसातील जिवाणू पुरेसे आहेत. कथेतून निदान करण्याचा मोह डॉक्टरांनाही आवरत नाही, एवढेच म्हणू.

१९४१: दोन शहरे

एडमंड सर्जेंट हे अल्जीरियातील पाश्चर संस्थेचे संचालक होते. हिवतापावरील कामासाठी ते ओळखले जातात. अल्जीरियात वसंत ऋतूत आफ्रिकेहून उत्तरेकडे निघालेले लावे खाऊन माणसे आजारी पडल्याच्या घटना त्यांच्यासमोर होत्या. ग्रंथांतील तर्क त्यांनी प्रयोगशाळेत आणला. लाव्यांना हेमलॉकच्या बिया चारल्या. लावे ठणठणीत राहिले. मग त्यांचे मांस कुत्र्यांना खाऊ घातले, आणि कुत्र्यांत पक्षाघाताची लक्षणे दिसली. १९४१ मध्ये सर्जेंट यांनी बायबलमधील लावे आणि अल्जीरियातील लावे यांची सांगड घालणारा लेख प्रसिद्ध केला.

हेमलॉक ही धने-जिऱ्याच्या कुळातील वनस्पती. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला दिलेला पेला तिचाच होता. तिच्यातील कोनिईन हे द्रव्य रसायनशास्त्राच्या इतिहासातही मानाचे आहे. १८८६ मध्ये लाडेनबर्ग यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि वनस्पतीतील अल्कलॉइड कृत्रिमरीत्या बनवण्याची ती पहिली वेळ होती. कोनिईनमुळे चेतातंतूंचा स्नायूंना जाणारा संदेश अडतो. पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा लुळेपणा येतो आणि शेवटी श्वास थांबतो.

इथे क्षणभर थांबून लेस्बॉसचा रोगी आठवावा. त्याचे स्नायू लुळे पडलेले नाहीत, ते ताठरले आहेत आणि दुखत आहेत. आणि त्याची लघवी काळी आहे. सर्जेंट यांच्या प्रयोगाने एवढे सिद्ध झाले की लावा दुसऱ्याचे विष वाहून नेऊ शकतो. माणसांना होणारा आजार त्याच विषाने होतो, हे सिद्ध झाले नाही.

काळ्या लघवीचे कोडे त्याच वर्षी लंडनमध्ये सुटू लागले होते, आणि त्याचा लाव्यांशी काडीचाही संबंध नव्हता. जर्मन बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांखाली लोक तासन्‌तास अडकत. हात किंवा पाय दबलेला माणूस बाहेर काढला की आधी ठीक वाटे. मग लघवी तपकिरी होई, तिचे प्रमाण घटे, आणि सुमारे आठवड्याभरात मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावे. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ च्या मार्चमध्ये अशा रोग्यांचे वर्णन केले. दबलेले स्नायू फुटतात आणि त्यांतील मायोग्लोबिन रक्तात सांडते, हे यातून पुढे स्पष्ट झाले.

मायोग्लोबिन हे स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे लाल प्रथिन आहे. लांब उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीत ते भरपूर असते. लाव्याचे मांस कोंबडीच्या छातीपेक्षा गडद दिसते ते त्यामुळेच. हिमोग्लोबिनच्या तुलनेत त्याचा रेणू सुमारे चौथ्या हिश्शाएवढा, म्हणून तो मूत्रपिंडांच्या गाळणीतून चटकन पार होतो. परिणामी रक्तद्रव स्वच्छ दिसतो आणि लघवी मात्र काळी. तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन सांडले असते तर रक्तद्रवही गुलाबी झाला असता. केवळ दोन काचनळ्या शेजारी धरून करता येणारा हा भेद आहे. स्नायू असे फुटण्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

हे ज्ञान लाव्यांपर्यंत पोचायला सुमारे पाव शतक लागले. १९६८ ते १९७० या काळात ऊझुनेलिस या ग्रीक डॉक्टरांनी लाव्यांमुळे आजारी पडलेल्या रोग्यांबद्दल लिहिले. त्यांच्या लघवीत मायोग्लोबिन होते. म्हणजे हा चेतातंतूंचा आजार नसून खुद्द स्नायूंचा होता. इब्न सिनाने वर्णिलेल्या ताठरपणाला आता रासायनिक अर्थ आला.

नकाशा आणि हंडी

१९८० मध्ये केनेडी आणि ग्रिवेटी यांनी जुन्यानव्या सर्व नोंदी गोळा करून नकाशावर मांडल्या. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील हे सर्वांत सुंदर काम आहे, आणि त्याला सूक्ष्मदर्शकही लागला नाही. युरोप आणि आफ्रिका यांमधील लाव्यांच्या वाटा तीन. पश्चिमेची अल्जीरियातून फ्रान्सकडे जाणारी. या वाटेवर विषबाधा फक्त वसंतात, उत्तरेकडे जाताना होते, परतीच्या प्रवासात नाही. पूर्वेची वाट नाईलच्या खोऱ्याकडे उतरते. तिथे नेमके उलट: विषबाधा फक्त शरदात, तीही पक्ष्यांनी समुद्र ओलांडण्यापूर्वी. इटलीवरून जाणाऱ्या मधल्या वाटेवर लाव्यांमुळे विषबाधेची नोंदच नाही. स्थलांतराचा काळ सोडून इतर वेळी लावा कुठेच विषारी नाही.

हा नकाशा हाती आल्यावर सिनाईतील वसंताची कथा आणखी अडचणीत येते. पूर्वेच्या वाटेवर विषारी लावे शरदात आणि समुद्राच्या उत्तरेला आढळतात. बायबलमधले लावे वसंतात आणि दक्षिणेला.

स्वयंपाकघरातून आलेली माहितीही तितकीच मोलाची ठरली. चार महिने मुरवून ठेवलेल्या लाव्यांनीही माणसे आजारी पडली होती, म्हणजे विष उष्णतेने किंवा काळाने सहज नष्ट होत नाही. लाव्याच्या चरबीत तळलेले बटाटे खाऊनही त्रास झाला होता, म्हणजे ते चरबीत विरघळणारे असावे. स्थलांतराच्या तोंडावर पक्ष्याच्या अंगात सर्वांत जास्त काय साठलेले असते, तर चरबीच. आणि लाव्याचे सूप प्यालेल्या चौघांपैकी आजारी पडला एकच.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसमोर एवढीच माहिती ठेवावी आणि कारण विचारावे. सडलेले मांस म्हणाल तर ते चौघांनाही बाधले असते आणि ऋतू पाळला नसता. पक्षी स्वतःच विष बनवतो म्हणाल तर तिन्ही वाटांवर, दोन्ही दिशांनी ते दिसायला हवे होते, आणि पिंजऱ्यातील लाव्यांतही. वाटेवरच्या एखाद्या ठरावीक ठिकाणी, ठरावीक महिन्यात पिकणारी बी हेच उत्तर सर्वांत कमी ताणाने बसते. जुन्यांचा तर्क दिशेने बरोबर निघाला. वनस्पतीचे नाव चुकले असावे.

मग कोणती वनस्पती? पूर्वीच्या सोव्हिएत संघातील संशोधकांनी स्टॅकिस अॅनुआ या शेतातील तणावर संशय घेतला. उत्तर स्पेनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये गॅलिऑप्सिस लॅडॅनम या तणाच्या बियांवर बोट ठेवले. दोन्ही तणे तुळस-पुदिन्याच्या कुळातील आणि धान्याच्या शेतांत उगवणारी. शिकाऱ्याच्या घरी पक्षी साफ करताना अन्नपिशवी कापून टाकली जाते. पक्ष्याने शेवटचे काय टिपले याचा पुरावा तिच्यातच असतो, आणि रोगी दवाखान्यात पोचेपर्यंत तो उकिरड्यावर गेलेला असतो.

हेमलॉकलाही पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. दक्षिण इटलीत हेमलॉकचे कोंब खाल्लेले रानपक्षी माणसांनी खाल्ले आणि त्यांना केवळ लुळेपणा नव्हे, तर रॅब्डोमायोलिसिस आणि मूत्रपिंडांचा बिघाडही झाला, असे तिथल्या डॉक्टरांनी १९८९ पासून प्रसिद्ध केले. म्हणजे लक्षणांवरून आपण वर केलेला युक्तिवादही वाटला तितका निर्णायक नाही. वाटा आणि ऋतू यांचा पुरावा मात्र कायम राहतो. कदाचित कोटर्निझम या एका नावाखाली एकाहून अधिक विषे दडलेली असतील.

चौघांपैकी एकच का, हा प्रश्न उरतो. याला समांतर उदाहरण त्याच भूमध्य प्रदेशात आहे. तिथे बाकला हे कडधान्य खाऊन काही माणसांच्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळी होते, आणि शेजारी बसून तेच जेवलेल्यांना काही होत नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या विकराची जन्मजात कमतरता हे त्याचे कारण. १९५६ मध्ये मलेरियावरील प्रायमाक्वीन या औषधाच्या दुष्परिणामांचा शोध घेताना ही कमतरता लक्षात आली. ती आपल्या देशातही अनेक समाजांत आढळते. लाव्यांच्या बाबतीतही स्नायूंमधील अशाच एखाद्या आनुवंशिक उणिवेचा संशय आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. जेवणाआधी किंवा नंतर झालेली दमछाक आजाराला निमित्त ठरते, असे मात्र पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहे, आणि शिकारी हा त्या दिवशी घरातील सर्वांत दमलेला माणूस असतो.

असा हा एकटाच आजार नाही. १९२४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील क्योनिग्सबर्ग शहराजवळ, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडजवळ, मासे खाल्लेल्या लोकांत हीच लक्षणे दिसली. तिथल्या खाडीवरून त्याला हाफचा आजार म्हणतात. पुढे अमेरिका, ब्राझील, चीन इथेही तो आढळला. त्यामागचे विषही आजवर निश्चित झालेले नाही.

लाव्यांतील द्रव्य वेगळे काढून त्याची रचना ठरवायची तर विषारी पक्षी हाती लागायला हवा, आणि स्थलांतर करणाऱ्या लाव्यांपैकी बहुतेक सगळे निर्विष असतात. पक्षी मुद्दाम शोधून सापडत नाही, तो रोग्यामुळेच ओळखू येतो, आणि तोवर खाऊन संपलेला असतो. ज्याला एकदा हा त्रास झाला आहे त्याने लाव्याच्या हंडीला पुन्हा हात लावू नये, एवढाच उपाय आज सांगता येतो. हंडीतल्या बटाट्यांनाही नाही.